भीमाकाठचा इतिहास आणि स्त्रियांची लेखणी

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेस, भीमेच्या दोन बाजूंना शिरूर आणि दौंड हे तालुके आहेत. ऊस, कांदा, रांजणगावचा गणपती, तिथलीच औद्योगिक वसाहत आणि दौंडचे रेल्वे जंक्शन ही त्यांची आजची ओळख. पण महाराष्ट्राने स्वतःविषयी जे मनाशी धरून ठेवले आहे, त्यातला मोठा ऐवज याच टापूत आहे. वढू बुद्रुकला छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आहे. तिथून काही किलोमीटरवर कोरेगाव भीमा आहे. १ जानेवारी १८१८ रोजी पेशव्यांची फौज आणि ईस्ट इंडिया कंपनीची तुकडी तिथे एकमेकांना भिडल्या. पाबळला मस्तानीची समाधी आहे आणि पुणे–दौंड लोहमार्गावरच्या केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. एका दिवसात पाहून होतील अशा या चार जागा. मात्र आपण कोण आहोत, आपला देश कोणाचा आणि त्यात कोणाची गणना होते, या प्रश्नांना त्या चार वेगवेगळी उत्तरे देतात.

ही उत्तरे जमिनीतून आपोआप उगवलेली नाहीत. ती कोणीतरी शोधली, लिहिली, छापली आणि शिकवली. समाजाला आपली ओळख इतिहासातून मिळते असे आपण म्हणतो, तेव्हा तो इतिहास लिहिणाऱ्यांनी काय विचारले आणि काय विचारायचे राहून गेले, हे पाहणे भाग असते. या चारही जागांच्या बाबतीत स्त्रियांनी केलेल्या लेखनाकडे महाराष्ट्राने पुरेसे लक्ष दिलेले नाही. ते लेखन बाजूला ठेवले तर शिरूर-दौंडचा इतिहास अपुरा राहतो आणि त्यावर उभी राहणारी राष्ट्राची कल्पनाही तेवढीच अपुरी राहते.

आधुनिक मराठी इतिहासलेखनाचा पाया घातला गेला तो काळ आठवावा. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा मराठी सत्तेच्या उदयावरचा इंग्रजी ग्रंथ १९०० साली आला. त्याआधी दोन वर्षे, १८९८ मध्ये, वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला होता. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. परक्या सत्तेखाली दबलेल्या समाजाला स्वतःच्या पराक्रमाची आठवण करून देणे, हा या साऱ्या खटाटोपामागचा हेतू होता आणि तो मोठा होता. गावोगावची दप्तरे हिंडून गोळा करणाऱ्या त्या पिढीचे ऋण कोणीही नाकारू नये. परंतु मोहिमा, तह, वतने आणि कारभार हे त्या इतिहासाचे मुख्य विषय होते. स्त्री त्यात आली ती बहुधा वीराची माता, सती जाणारी पत्नी किंवा प्रसंगी तलवार उचलणारी राणी म्हणून. घरात, शेतात आणि माजघरात जगणाऱ्या स्त्रीला राष्ट्राच्या घडणीत काही स्थान असेल, असा प्रश्नच मांडला गेला नव्हता.

तो प्रश्न मांडणारे लेखन मात्र त्याच काळात दुसऱ्या वाटेने चालू होते. रानडे यांच्या पत्नी रमाबाई रानडे यांनी १९१० मध्ये आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. काशीबाई कानिटकर यांनी डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र लिहिले. ही पुस्तके आठवण आणि चरित्र म्हणून वाचली गेली. त्यांना इतिहासाचा दर्जा मिळाला नाही. वास्तविक एकोणिसाव्या शतकातले मराठी घर कसे होते, शिकणाऱ्या सुनेला घरातल्याच बायकांकडून काय सोसावे लागे, सुधारणेचा निर्णय सभेत झाला तरी त्याची किंमत स्वयंपाकघरात कोण चुकवत असे, हे सांगणारी याहून विश्वसनीय साधने आपल्याकडे थोडीच आहेत. देश घडत होता तो अशा घरांमध्येही घडत होता.

जगाच्या इतिहासातही हाच अनुभव आढळतो. मोगल घराण्यातल्या गुलबदन बेगमने सोळाव्या शतकात आपल्या भावाच्या, हुमायूनच्या, कारकिर्दीचा वृत्तांत लिहिला. जनान्यातले नातेसंबंध, प्रवास आणि शोक यांच्यासह राज्य कसे उभे राहते हे तिने नोंदवले आहे. अठराव्या शतकात कॅथरिन मॅकॉले यांनी इंग्लंडचा आठ खंडांचा इतिहास लिहिला. अमेरिकेतल्या मर्सी ओटिस वॉरन यांनी १८०५ मध्ये अमेरिकन क्रांतीचा इतिहास तीन खंडांत प्रसिद्ध केला, आणि त्यातल्या मूल्यमापनावरून माजी राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांचा त्यांच्याशी वाद झाला. नवे राष्ट्र आपली जन्मकथा ठरवत असताना ती कथा कोणी सांगायची यावरून झालेली ती लढत होती. महाराष्ट्रात अशी लढत प्रत्यक्ष झडलीच नाही, कारण स्त्रियांचे लेखन इतिहासाच्या दालनात पोहोचू शकले नाही.

कोरेगाव भीमापासून सुरुवात करू. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टन याच्या नेतृत्वाखालची सुमारे आठशे जणांची तुकडी शिरूरच्या छावणीतून पुण्याकडे निघाली. सकाळी कोरेगावापाशी तिची पेशव्यांच्या फौजेशी गाठ पडली. कंपनीच्या तुकडीत महार सैनिकांची संख्या लक्षणीय होती. पुढे कंपनीने उभारलेल्या स्तंभावर कोरलेल्या मृतांच्या नावांत ‘नाक’ या प्रत्ययाची, म्हणजे महार सैनिकांची, बावीस नावे आहेत. लढाई झाली ते कोरेगाव शिरूर तालुक्यात आहे आणि स्तंभ नदीपलीकडे हवेली तालुक्यातल्या पेरण्याच्या हद्दीत आहे. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे आले, आणि परक्या सरकारने आपल्या विजयासाठी बांधलेला तो स्तंभ अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाच्या स्वाभिमानाचे ठिकाण झाला.

पेशवाईच्या अखेरीकडे त्या समाजाने कसे पाहिले, हे सांगणारा एक आरंभीचा लेख एका शाळकरी मुलीने लिहिला आहे. तिचे नाव मुक्ता साळवे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातल्या शाळेत ती शिकत होती. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला, म्हणजे कोरेगावच्या लढाईनंतर अवघ्या सदतीस वर्षांनी. ज्यांनी पेशवाई पाहिली होती अशी माणसे तेव्हा जिवंत होती. त्या निबंधात जमिनी हिरावल्याची, विद्येची बंदी असल्याची आणि सार्वजनिक जागी होणाऱ्या अमानुष वागणुकीची हकीकत आहे. त्याच्याच जोडीने डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायकांच्या हालांचीही हकीकत आहे. एखाद्या राजवटीचा न्याय करताना तिच्या अमलाखाली बाळंतीण कुठे निजत होती हे पाहायचे, हा मापदंड तोवर कोणत्याही बखरीने वापरला नव्हता. राष्ट्र म्हणजे काय याची ही अगदी वेगळी तपासणी होती आणि ती मराठीत एका मुलीने सुरू केली.

हा धागा पुढे नेणारे महत्त्वाचे काम ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी केले. ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे त्यांचे पुस्तक १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. आंबेडकरी चळवळीत सभा भरवणाऱ्या, वसतिगृहे चालवणाऱ्या, सत्याग्रहात उतरलेल्या स्त्रियांना शोधून त्यांच्या मुलाखती घेणे आणि जुन्या नियतकालिकांतल्या नोंदींशी त्या ताडून पाहणे, ही त्यांची पद्धत होती. चळवळीच्या पुरुषांनी लिहिलेल्या इतिहासात यातल्या बहुतेक जणींची नावेही नव्हती. पुढे पुणे विद्यापीठातल्या स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रियांच्या आत्मकथनांकडे ज्ञानाचे साधन म्हणून पाहायला शिकवले. आणि कोरेगावच्या स्तंभाविषयी बोलायचे तर पुण्याच्याच इतिहास अभ्यासक श्रद्धा कुंभोजकर यांनी २०१२ मध्ये लिहिलेल्या शोधनिबंधात या स्मारकाचा अर्थ काळानुसार कसा पालटत गेला हे दाखवले आहे. साम्राज्याच्या विजयाचे चिन्ह म्हणून उभारलेली वास्तू पुढे समतेच्या मागणीचे चिन्ह कशी झाली, याचा तो शोध आहे.

या शोधनिबंधाचे महत्त्व सहा वर्षांनी साऱ्या राज्याच्या ध्यानात यायला हवे होते. २०१७ च्या डिसेंबरअखेर वढू बुद्रुक येथे, संभाजी महाराजांचे अंत्यसंस्कार कोणी केले याच्याशी संबंधित फलकावरून वाद पेटला. १ जानेवारी २०१८ रोजी, लढाईच्या द्विशताब्दीच्या दिवशी, कोरेगाव भीमा आणि परिसरात हिंसाचार झाला. एका तरुणाचा जीव गेला, घरे आणि वाहने जळाली, पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिलेल्या माणसांमध्ये संशय आला. त्या घटनेच्या तपासाविषयी आणि जबाबदारीविषयी बोलण्याची ही जागा नव्हे. पण इतिहासाविषयी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. जिथे स्मृती तीव्र असते आणि तिचा अभ्यास विरळ असतो, तिथे फलकावरची एक ओळसुद्धा दंगलीला कारण होऊ शकते. स्मृतीचा आदर राखून तिची तपासणी करणारे लेखन गावापर्यंत पोहोचले असते तर सगळे टळले असते, असे छातीठोकपणे कोणी म्हणू नये. मात्र बोलायला, वाद घालायला आणि एकमेकांचे ऐकून घ्यायला एक शांत जागा नक्की मिळाली असती.

वढूची कथा या दृष्टीने आणखी शिकवणारी आहे. संभाजी महाराजांना संगमेश्वरला कैद करून भीमेकाठच्या बहादूरगडावर, म्हणजे दौंडच्या पलीकडच्या पेडगावला, आणण्यात आले. ११ मार्च १६८९ रोजी त्यांची हत्या झाली. या राजाची मराठी मनातली प्रतिमा मात्र दीर्घ काळ मलिन राहिली. मल्हार रामराव चिटणीस यांची बखर संभाजी महाराजांच्या मृत्यूनंतर शतकाहून अधिक काळाने लिहिली गेली. चिटणिसांच्या पूर्वजाला, बाळाजी आवजींना, याच राजाने देहदंड दिला होता. त्या बखरीतली बेजबाबदार, व्यसनी राजपुत्राची प्रतिमा नाटके-कादंबऱ्यांनी उचलली आणि लोकांनी ती खरी मानली. वा. सी. बेंद्रे यांनी १९६० मध्ये समकालीन कागदांच्या आधारे ती खोडून काढली. त्यानंतरच्या दशकात डॉ. कमल गोखले यांचे ‘शिवपुत्र संभाजी’ आले. मराठी बखरींवर विसंबून न राहता फारसी, पोर्तुगीज आणि इंग्रजी साधने एकमेकांशी ताडून पाहण्याची शिस्त या नव्या चरित्रलेखनाने घालून दिली.

आज संभाजी महाराजांवर चित्रपट निघतात, मालिका होतात आणि वढूला दरवर्षी मोठा जनसमुदाय लोटतो. या आदरामागे बेंद्रे यांच्याबरोबर एका संशोधक स्त्रीचे कष्टही आहेत, हे तिथे येणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल? कमल गोखले यांनी स्त्रियांचा इतिहास लिहिला नाही. त्यांनी एका राजाचा, राजकारणाचा आणि युद्धांचा इतिहास लिहिला. म्हणूनच त्यांचे उदाहरण महत्त्वाचे ठरते. स्त्री इतिहासकार म्हणजे केवळ स्त्रियांविषयी लिहिणारी अशी समजूत करून घेणे हाही त्यांना एका कोपऱ्यात बसवण्याचाच प्रकार आहे. मराठी अस्मितेच्या अगदी मध्यभागी असलेल्या विषयावर एका स्त्रीने पुराव्यानिशी लिहिले आणि त्या अस्मितेला अधिक सत्य रूप देण्यात मोठा वाटा उचलला, ही नोंद वढूच्या परिसरात कुठेतरी असायला हवी.

संभाजी महाराजांच्या प्रतिमेतल्या या पालटाच्या मुळाशी असलेली प्रक्रिया प्राची देशपांडे यांनी २००७ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात उलगडून दाखवली आहे. इ. स. १७०० ते १९६० या काळात पश्चिम भारतात ऐतिहासिक स्मृती कशी घडत गेली, दरबारी बखरीपासून छापील इतिहासापर्यंत आणि नाटकांपासून संयुक्त महाराष्ट्रापर्यंत ‘मराठा’ आणि ‘मराठी’ या ओळखी कशा आकारल्या, याचा तो अभ्यास आहे. अशा लेखनामुळे अस्मिता दुबळी होते अशी भीती काही जण बोलून दाखवतात. तसे घडलेले दिसत नाही. संभाजी महाराजांचे उदाहरणच पाहा. बखरीवरची आंधळी श्रद्धा सोडल्यामुळेच त्यांना न्याय मिळाला. चिकित्सेने त्या वेळी लोकांच्या प्रेमाला बळच दिले.

आता भीमा ओलांडून केडगावला जाऊ. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्याविषयी मराठी वाचकाला काही ठळक गोष्टी माहीत असतात. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी घरातल्या स्त्रियांना संस्कृत शिकवले, १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, १८८२ मध्ये पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष दिली, पुढे इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या निराधार मुली आणि विधवांना त्यांनी आणले आणि केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या सुमारास तिथल्या रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली होती. शेती, विणकाम, छपाई अशी कामे तिथे बायका करत. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराची जुळणी आणि छपाईही तिथल्याच स्त्रियांनी केली. दौंड तालुक्यात शंभर वर्षांपूर्वी बायकांनी चालवलेला छापखाना होता, ही गोष्ट महाराष्ट्राच्या मुद्रणाच्या इतिहासातही मोठी आहे.

रमाबाईंचे इतिहासलेखिका हे रूप मात्र फारसे चर्चेत येत नाही. १८८६ ते १८८८ या काळात त्या अमेरिकेत होत्या. परतल्यावर १८८९ मध्ये त्यांनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक मराठीत लिहिले. प्रवासवर्णन म्हणून ते ओळखले जाते, पण त्याचा मोठा भाग एका देशाच्या जडणघडणीचा इतिहास आणि समाजव्यवस्थेचा अभ्यास आहे. राज्यव्यवस्था, शिक्षण, धर्म, घरगुती जीवन, व्यापार आणि स्त्रियांच्या संघटना यांचे त्यात सविस्तर विवेचन आहे. परक्यांच्या जोखडातून सुटलेल्या आणि राजाशिवाय चालणाऱ्या राष्ट्राचे चित्र रमाबाई इंग्रजांच्या अमलाखालच्या मराठी वाचकापुढे ठेवत होत्या, आणि त्या राष्ट्रातल्या मूलनिवासींवर व काळ्या माणसांवर झालेल्या अन्यायाकडेही लक्ष वेधत होत्या. स्वातंत्र्याचे कौतुक करताना ते कोणाला नाकारले गेले हे त्या विसरल्या नाहीत. १८८७ मधल्या ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ या इंग्रजी ग्रंथात त्यांनी आपल्या समाजाला याच कसोटीला लावले होते. दोन्ही पुस्तके एकत्र वाचली की त्यांची राष्ट्राची कल्पना स्पष्ट होते. ज्या देशात विधवेला आणि दासाला जागा नाही, तो देश अजून पुरता घडलेला नाही, हे त्यांच्या लेखनाचे सार आहे.

अशी विदुषी राष्ट्राच्या कथेतून बाजूला का पडली? धर्मांतर हे त्याचे मोठे कारण. १८९३ च्या सुमारास रमाबाईंच्या शारदा सदन या संस्थेतल्या मुलींना ख्रिस्ती केले जाते या आक्षेपावरून वादळ उठले, आणि सुधारकांतल्या अनेकांनीही त्यांची साथ सोडली. त्या काळी परधर्माच्या प्रसाराबद्दल समाजाला वाटणारी भीती निराधार होती असे म्हणता येणार नाही, कारण राज्यकर्त्यांचा धर्म तोच होता. परंतु रमाबाई राज्यकर्त्यांच्या मिंध्या नव्हत्या. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यातल्या सरकारी रुग्णालयात स्त्रियांची होणारी आबाळ त्यांनी वृत्तपत्राला पत्र लिहून उघडकीस आणली आणि त्यावर सरकार नाराज झाले. चर्चमधल्या वरिष्ठांशीही त्यांचे मतभेद झाले होते. देशभक्ती आणि धर्म यांची सांगड घालणाऱ्या तेव्हाच्या चौकटीत त्या मावत नव्हत्या, म्हणून त्यांना वगळून कथा पुढे गेली.

त्यांना पुन्हा त्या कथेत आणले तेही स्त्री अभ्यासकांनीच. समाजशास्त्रज्ञ मीरा कोसंबी यांनी रमाबाईंच्या मराठी लेखनाचे इंग्रजी अनुवाद करून ते जगापुढे ठेवले. इतिहासकार उमा चक्रवर्ती यांनी १९९८ मध्ये रमाबाईंचा जीवनकाळ केंद्रस्थानी ठेवून एक ग्रंथ लिहिला आणि पेशवाईपासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जात, राज्यसत्ता आणि स्त्रीवरील नियंत्रण एकमेकांत कसे गुंतले होते हे मांडले. त्या ग्रंथात व्यक्तीच्या चरित्राबरोबर साऱ्या महाराष्ट्राचा इतिहास नव्याने वाचला गेला आहे. काशीबाई कानिटकरांवर सरोजिनी वैद्य यांनी आणि विस्मृतीत गेलेल्या कर्तबगार स्त्रियांवर अरुणा ढेरे यांनी केलेले काम याच जातीचे आहे. केडगावच्या स्थानकावर रोज उतरणाऱ्या विद्यार्थ्यांपर्यंत यातले काय पोहोचते, हा प्रश्न शिक्षणसंस्थांनी स्वतःला विचारावा.

चौथी जागा पाबळ. छत्रसाल बुंदेल्याची कन्या मस्तानी हिला हे गाव इनाम होते. तिचे पती पेशवे बाजीराव यांचे निधन १७४० च्या एप्रिलमध्ये झाले आणि पाठोपाठ तिचेही. तिचे नाव चित्रपटामुळे देशभर पोहोचले, पण ते प्रेमकथेची नायिका म्हणून. इतिहासाच्या दृष्टीने तिच्या आयुष्यातला प्रश्न अधिक गंभीर आहे. तिचा मुलगा समशेर बहादूर पेशव्यांच्या घरात वाढला, मराठ्यांच्या मोहिमांत लढला आणि १७६१ मध्ये पानिपतावर झालेल्या जखमांनी मरण पावला. त्याच्या वंशजांनी पुढे बुंदेलखंडात बांद्याची नबाबी चालवली. ज्या राज्यासाठी मुलगा प्राण देतो, त्या राज्याच्या राजधानीत त्याच्या आईला मान मिळत नाही, हे आपण कसे समजून घ्यायचे? जात, धर्म, घराणे आणि राज्य यांच्या सीमा अठराव्या शतकात नेमक्या कुठे होत्या? मराठीत मस्तानीवर लिहिले गेले आहे, तरी तिच्या जहागिरीची, पाबळच्या गावगाड्याची आणि तिच्या पदरच्या माणसांची कागदांच्या आधारे मांडणी होणे बाकी आहे. पेशवे दप्तरातले कोट्यवधी मोडी कागद पुण्यातच आहेत. ते वाचणारी एखादी पाबळची मुलगी हे काम करू शकेल.

या साऱ्यावर एक आक्षेप येतो आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. इतिहास पुराव्यावर उभा राहतो. लिहिणारा पुरुष आहे की स्त्री याने काय फरक पडतो? कागदावर जे आहे ते दोघांनाही सारखेच दिसते, असे म्हणणाऱ्यांचा पुराव्याबद्दलचा आग्रह योग्य आहे. स्त्रीने लिहिले म्हणून एखादे विधान खरे ठरत नाही, आणि कमल गोखले यांनी तसा दावा कधी केला नसता. पण कोणता कागद उघडायचा हे प्रश्नावरून ठरते आणि प्रश्न माणसाच्या अनुभवातून येतो. बाळंतिणीच्या निवाऱ्याचा प्रश्न मुक्ता साळवेला सुचला, कारण तो तिच्या वस्तीतला होता. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. स्त्रियांच्या लेखनातही आंधळ्या जागा असतात. उच्चवर्णीय लेखिकांच्या आठवणींत दलित स्त्रिया क्वचित दिसतात, आणि ही उणीव ऊर्मिला पवार, मीनाक्षी मून आणि शर्मिला रेगे यांना दाखवून द्यावी लागली. म्हणून मागणी आहे ती वेगवेगळ्या अनुभवांतून आलेले प्रश्न एकाच कठोर कसोटीवर तपासले जाण्याची.

साधनांची व्याख्याही त्यासाठी रुंद करावी लागेल. गी पॉइट्व्हँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातल्या आपल्या संस्थेमार्फत गावोगावच्या स्त्रियांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्यांचा हा संग्रह आहे आणि त्यात पुणे जिल्ह्यातल्या गावांचा वाटा मोठा आहे. सासर-माहेर, शेती, दुष्काळ, पंढरी, राम-सीता आणि बाबासाहेब आंबेडकर हे सारे त्या ओव्यांत आहेत. जिला अक्षर येत नव्हते तिनेही आपल्या काळाविषयी मत बनवले होते आणि ते पुढच्या पिढीकडे सोपवले होते. देश, राजा, देव आणि न्याय यांविषयी गावातल्या बायका काय समजत होत्या, हे जाणून घ्यायचे असेल तर सरकारी दप्तराइतकेच हे ओवीचे दप्तरही उघडावे लागेल.

शिरूर आणि दौंड तालुक्यांत यासाठी करता येण्याजोग्या गोष्टी मोठ्या खर्चाच्या नाहीत. दोन्ही तालुक्यांतल्या महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी मोडी वाचनाचे नियमित वर्ग चालवावेत आणि विद्यार्थिनींना पुण्याच्या पुराभिलेखागारात कामाला बसवावे. पदवीच्या प्रकल्पासाठी पाठ्यपुस्तकातला विषय पुन्हा लिहून काढण्यापेक्षा आपल्या गावातल्या वृद्ध स्त्रियांच्या मुलाखती रीतसर नोंदवून, जुन्या नोंदींशी ताडून जपून ठेवाव्यात. १९७२ चा दुष्काळ, रोजगार हमीची कामे, रांजणगावचे कारखाने येण्यापूर्वीची शेती आणि दौंडच्या रेल्वे वसाहतीतले आयुष्य आठवणाऱ्या स्त्रिया आज आहेत, पण त्या फार काळ असणार नाहीत. वढू, कोरेगाव, पाबळ आणि केडगाव या चारही ठिकाणी येणाऱ्यांसाठी अभ्यासकांच्या समितीने तपासलेली, वादाच्या मुद्द्यांवर वेगवेगळे पुरावे प्रामाणिकपणे मांडणारी माहिती उपलब्ध व्हावी. गावच्या सार्वजनिक वाचनालयात मुक्ता साळवेचा निबंध, रमाबाईंचे अमेरिकेवरचे पुस्तक, ‘शिवपुत्र संभाजी’ आणि ‘आम्हीही इतिहास घडवला’ ही पुस्तके एका फळीवर असावीत.

ती पुस्तके एका फळीवर असण्याला अर्थ आहे. त्यांच्या लेखिका एकमेकींशी सहमत झाल्या असत्या असे नाही. पेशवाईविषयी, धर्माविषयी, इंग्रजांच्या राज्याविषयी त्यांची मते वेगळी होती आणि काही बाबतींत एकमेकींच्या विरोधात जाणारी होती. तरीही राष्ट्राविषयी बोलताना पुरावा द्यावा लागतो, आणि राष्ट्राच्या हिशेबात आजवर न धरलेल्या माणसाला धरावे लागते, ही भूमिका त्या साऱ्यांच्या कामातून मिळून उभी राहते. ज्या टापूत इतिहासावरून रक्त सांडले आहे, त्या टापूला या दोन्ही गोष्टींची सर्वाधिक गरज आहे. आपली ओळख टिकावी असे वाटणाऱ्या प्रत्येक गावाने आपल्या मुलींना आपला इतिहास शिकवावा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो तपासण्याची आणि लिहिण्याची साधने त्यांच्या हाती द्यावीत.